हलकी गाडी

१४ ऑक्टोबर १९४६, सोमवार. मंगरूळपीर.
आजपासून रोजनिशी. खाजगी. विषय एकच, स्कूटरचा वेग. गावातले लोक तिला बकरी म्हणतात. या वहीत तो शब्द चालणार नाही.

कारण एकदाच लिहून टाकतो, म्हणजे परत लिहायला नको. अन्वरी बाळंतपणाला माहेरी, रिठदला. गेल्या आठवड्यात निरोप आला, मुलगी झाली, पण फार अशक्त आहे, असाल तसे या. निरोप आणला सर्व्हिस मोटरच्या गोविंदसिंग ड्रायव्हरने. म्हणाला, "सैफूभाई, मोटर वाशीमवरून परत रिठदले निघून राह्यली, बसा. दारातच उतरवतो." त्याची मोटर कोळशाच्या गॅसवर चालते. चढ आला की पॅसेंजर उतरून ढकलतात. घरी स्वतःचं वाहन असताना मी दुसऱ्याची मोटर ढकलत मुलीला पाहायला जावं? मी स्कूटर काढली.

वाशीमच्या पुढे प्लगने दगा दिला. चालत होती तोवर स्कूटर उत्तम चालली. पोहोचलो दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. मुलीला सकाळीच माती दिली होती. जन्मलेल्या बाळाच्या कानात द्यायची अजान बापानेच द्यावी म्हणून अन्वरीने रात्री कुणाला मुलीजवळ येऊ दिलं नव्हतं. शेवटी अन्वरीच्या मामांनी दिली. मामा मला म्हणाले, कब्रस्तानात चला. मी म्हटलं, आधी प्लग साफ करतो, परत जायची खात्री झाली पाहिजे. ते ओसरीवर जाऊन बसले. म्हणजे त्यांना पटलं असावं.

निष्कर्ष: वेग कमी पडला. सध्या ताशी अठरा मैल. तीस असता तर तिला जिवंत पाहिलं असतं.
संकल्प: वेग तीस. तोवर रिठदला जायचं नाही. पुन्हा उशिरा पोहोचून अन्वरीला तोंड दाखवणं मला जमणार नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार.
स्कूटरची माहिती. लढाईत गोऱ्या पलटणीसाठी केलेली. घडी होते. विमानातून छत्रीने खाली सोडायचे म्हणतात. लढाई संपली, माल निकाली निघाला, आणि नागपूरहून ती इथल्या एका कापडवाल्याकडे आली. मी दुकानातलं टोल्याचं मोठं घड्याळ देऊन घेतली. अम्मी अजून ते घड्याळ काढून बोलते. उंची माझ्या गुडघ्याला थोडी जास्त. स्प्रिंग नाही, गिअर नाही. टाकीत पंपाने हवा भरायची आणि ढकलत पळायचं, की सुरू.

मी घड्याळजी. केसासारखी स्प्रिंग चिमट्याने बसवणाऱ्या माणसाला हे इंजिन म्हणजे धोंडा. पंधरा दिवसांचं काम.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार.
सायलेन्सर उघडला. आत चुलीच्या धुराड्याएवढी काजळी. सगळी खरवडली. दर्ग्याच्या दारापासून वाशीम रोडच्या दुसऱ्या मैलाच्या दगडापर्यंत ट्रायल. वीस मैल. एका दिवसात दोन वाढले. या हिशेबाने पुढच्या आठवड्यात तीस. अन्वरीला कळवायला हवं. नको, एकदम जाऊनच दाखवतो.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.
आज जुमेरात. दर्ग्यावर गर्दी. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं दर जुमेरातीला स्कूटरवरून जायचो. लोहाराकडून मागे कॅरिअर करून घेतलं होतं आणि अन्वरीने त्यावर गादी शिवली होती. वरून तिच्या लग्नातल्या ओढणीचं कापड, आत रिठदच्या शेतातला कापूस. बुरखा मांडीखाली दाबून बसायची. खड्डा आला की माझा खांदा धरून हसायची. गावात फक्त ती एकटी स्कूटरला बकरी म्हणत नाही. "आपली गाडी" म्हणते. मग दिवस राहिले आणि अम्मीने तिचं बसणं बंद केलं.
हे विषयाला सोडून झालं. पुढे असं लिहायचं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार.
सायलेन्सर कायमचा काढून टाकला. धूर मोकळा जातो. आवाज असा की समोरच्या पानवाल्याचा कात सांडला. वेग निश्चित वाढला. मोजायचं राहिलं, कारण बैल बुजले आणि त्यांच्या मालकाशी बोलण्यात वेळ गेला.
बकरीद तोंडावर आली आहे. तीन जणांनी विचारलं, यंदा घरचीच कापणार का? मी हसलो नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार.
गोविंदसिंग निरोप घेऊन आला. येत्या शुक्रवारी अन्वरीचा चिल्ला पुरा. मूल राहिलं नाही तरी बाळंतिणीचे चाळीस दिवस पाळावेच लागतात. न्हाण झालं की नवऱ्याने स्वतः घ्यायला यायचं, ही आमच्याकडची रीत. आणलेली बाई घरची, आपणहून आलेली बाई टाकलेली, असं लोक म्हणतात. अन्वरीने सांगितलंय, "त्यायले म्हना, न्हानं झाल्यावर मी वाट पाहीन."
मी म्हटलं, सांग, काम अंतिम टप्प्यात आहे.
गोविंदसिंग म्हणाला, "कोनतं काम?"
अशा माणसाला इंजिनातलं काय कळणार.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार.
आज तिचं न्हाण. सकाळी निघणारच होतो. काल वेग मोजला, बावीस. बावीसवर जाणं म्हणजे मागच्या चुकीतून काही न शिकणं. गेलो नाही.
दिवसभर एकही घड्याळ उघडवलं नाही. अम्मी म्हणाली, "सैफू, बायको आनाले जायचं हाय का लढाईवर?" मी म्हटलं, तयारी दोन्हीकडे लागते. अम्मी आत जाऊन रडली. आजकाल अम्मी कशावरही रडते.

१९ नोव्हेंबर, मंगळवार.
महत्त्वाचा शोध. ट्रायलला तहसीलच्या हेडक्लार्कचं घड्याळ वापरलं. वेग सव्वीस! माझ्या स्वतःच्या घड्याळाने तेच अंतर तेवीस दाखवतं. हेडक्लार्कचं घड्याळ मागे पडतं म्हणून दुरुस्तीला आलं आहे, पण ते विलायती आहे आणि माझं नाही. यापुढे हेच प्रमाण मानायचं. दुरुस्त करून परत देणं सध्या शक्य नाही.

१ डिसेंबर, रविवार.
पेट्रोलच्या जेटचं भोक घड्याळाच्या रीमरने किंचित मोठं केलं. स्कूटर जास्त पिऊ लागली. रेशनचं पेट्रोल या महिन्याचं आजच संपलं. वेग तेवढाच. जेटला माझा हात समजायला थोडा वेळ लागेल.

गोविंदसिंगकडून रिठदचा निरोप, सासूबाईंचा. म्हणाल्या, "जवाईबापूले सांगा, आमच्या घरी घड्याळ नाई. उशीर झाला तरी आमाले समजनार नाई. बैलगाडीनं या, पायी या, पन या." आणि वर, "पायी निघाले असते तं आतालोक दोनदा येऊन गेले असते."
सासूबाईंचा स्वभाव पहिल्यापासून असा आहे. मी मनाला लावून घेतलं नाही. जेवलो मात्र नाही.
अन्वरी काय म्हणाली, असं विचारलं. गोविंदसिंग म्हणाला, "काई नाई. मोटर थांबली तवा दारात उभी होती. कोन उतरते ते पाह्यलं न् आत गेली."
मोटरच्या दिशेला पाहून काय उपयोग? मी मोटरने येणार नाही हे तिला माहीत असायला पाहिजे.

५ डिसेंबर, गुरुवार.
जुमेरात. दर्ग्यावर गेलो नाही.

१२ डिसेंबर, गुरुवार.
डोकं चाललं! दोन महिने इंजिनाच्या मागे लागलो आणि दुखणं भलतीकडेच. वजन. कोणताही घड्याळजी सांगेल, चाक जितकं हलकं तितकी चाल मोकळी. ही गोष्ट मला, मलाच सुचू नये? गाढवासारखा राबलो. आता काय काय काढता येईल ते पाहतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार.
मडगार्ड काढले. हॉर्न काढला, सायलेन्सर नसल्यामुळे त्याची गरजच नाही. हत्यारांचा डबा काढला. स्टँड काढला, यापुढे गाडी भिंतीला टेकून ठेवायची. प्रमाण घड्याळाने अठ्ठावीस.
दोन मैलांनी अडलं आहे. फक्त दोन.

२० डिसेंबर, शुक्रवार.
ब्रेक काढला. ब्रेक वेगाच्या विरुद्धच काम करतो, मग ठेवायचा कशाला? थांबताना इंजिन बंद करून पाय घासायचे. अम्मी म्हणते एका दिवसात चपलांचा एक जोड गेला. प्रगतीची किंमत असते.
वेग अठ्ठावीस आणि वर थोडा.

२ जानेवारी १९४७, गुरुवार.
नवं वर्ष. संकल्प तोच.
गोविंदसिंग दुकानात येऊन बसला. निरोप नव्हता. चहा प्यायला आणि म्हणाला, "सैफूभाई, ते बाई आता दारात उभी नाई राहत." मग म्हणाला, "उद्या माह्यासंगं चला. ढकलाले नाई लावत तुमाले, आईची आन."
मी म्हटलं, थोडंच राहिलं आहे.
म्हणाला, "कायचं थोडं?"
मी त्याला वेगाचं गणित समजावलं. तो ऐकत होता की नव्हता कोण जाणे. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. ड्रायव्हर लोकांना फार जवळीक करायची सवय असते. नंतर बराच वेळ भिंग डोळ्याला लावून बसलो. समोर घड्याळ नव्हतं.

९ जानेवारी, गुरुवार.
कॅरिअर काढलं.
नट गंजले होते, लवकर सुटेनात. कॅरिअर लोखंडाचं, चांगलंच जड. गादीही काढली. एवढ्याशा गादीला किती वजन असणार, पण वारा अडवते. दुकानात माझ्या स्टुलावर ठेवली. बसायला मऊ.
ट्रायल उद्या. का कुणास ठाऊक, आज उत्साह नाही.

१० जानेवारी, शुक्रवार.
तीस!!
दोनदा मोजलं. दोन्ही वेळा तीस. अम्मीला सांगितलं. अम्मी म्हणाली, "मंग जा." चौकात कुणीतरी ओरडलं, "बकरी उडाली!" उडालीच. आज मला त्या शब्दाचासुद्धा राग आला नाही. अन्वरीला कळेल, मी हातावर हात धरून बसलो नव्हतो. पेट्रोलची सोय झाली की निघतो.

१७ जानेवारी, शुक्रवार. रिठद. दुपार, सासुरवाडीच्या ओसरीवर.
पोहोचलो! दिवस उजाडता निघालो. कुठेही थांबलो नाही, थांबणं तसंही अवघड आहे. वाशीम कधी गेलं समजलंच नाही. प्लग सोन्यासारखा चालला. रिठदमध्ये शिरलो तेव्हा आवाजाने अर्धं गाव घराबाहेर. पाय घासत घासत तिच्या दारापुढून जरा पुढे गेलो, मग ढकलत परत आलो. जेवणाच्या कितीतरी आधी पोहोचलो. त्या दिवशी असाच आलो असतो तर! हेच मला तिला दाखवायचं होतं.
अन्वरी आत बोचकं बांधते आहे, हे मी स्वतः पाहिलं. सासूबाईंनी पाणी दिलं, काही टोमणा मारला नाही. ताटात कोंबडीचं कालवण. सगळं ठीक होणार.
अन्वरी बाहेर चला म्हणते आहे. बाकी घरी गेल्यावर लिहितो.

१८ जानेवारी, शनिवार. मंगरूळपीर.
कालचं पुढचं.
अन्वरी बोचकं घेऊन अंगणात आली. फार वाळली आहे. बुरखा घातलेला, तोंडावरचं कापड वर केलेलं. मी स्कूटर भिंतीला टेकवून धरली होती. ती गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गादी कुठं हाय?"
मी समजावून सांगितलं. चाक हलकं तर चाल मोकळी. कॅरिअरचं वजन, वारा, मडगार्ड, स्टँड, अठ्ठावीसवर कसं अडलं आणि कॅरिअर काढल्यावर तीस कसे भरले. बोचकं खाली न ठेवता तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्यासारखं ऐकून घेणारं दुसरं कुणी नाही.
मग म्हणाली, "मंग मले कायच्यावर नेता?"

इथे मला लिहून ठेवलं पाहिजे की हा प्रश्न माझ्या मनात तीन महिन्यांत एकदाही आला नव्हता. एकदाही नाही. ती येणार हे इतकं ठरलेलं होतं की ती बसणार कुठे हे पाहायचं राहिलं.
काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, तू गोविंदसिंगच्या मोटरने ये, मी स्कूटरवर पुढे होतो.
सासूबाई म्हणाल्या, "या अल्ला," आणि आत गेल्या.

अन्वरी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. बोचकं खाली ठेवून म्हणाली, "त्या दिवशी तुमी मोटरीनं आले असते तं पोरीचं तोंड पाह्यलं असतं. मी कोनाले बोलली नाई. वाटलं, मानसाले आपली गाडी प्यारी असते, चुकलं. मंग वाट पाह्यली. तुमी हळू आले असते तरी मले चाललं असतं." मग गाडीच्या मागच्या रिकाम्या लोखंडावरून हात फिरवला. "आता हलकी झाली न् तुमची गाडी? ऱ्हाऊ द्या तशीच."
माझी गाडी म्हणाली. आपली नाही म्हणाली.
बोचकं सोडलं आणि एकेक कपडा परत दोरीवर टाकला. ते धुतलेलेच होते. मी बघत उभा राहिलो.

निघताना दारापर्यंत आली. म्हणाली, "वाटंत कब्रस्तान हाय. आमी बाया जात नाई. तुमी तं जाऊ शकता. जरा थांबून जा तिच्यापाशी."
मी हो म्हटलं. थांबणारही होतो. पण गाडी थांबेना. पाय घासले, इंजिन बंद केलं, तरी कब्रस्तान मागे पडलं. गाडी बाभळीला टेकवली आणि चालत परत गेलो.
आत लहान ढिगारे दोन होते. दोन्ही सारखे. त्यांतली आपली कुठली, हे मला माहीत नाही. मामांनी बोलावलं तेव्हा मी प्लग साफ करत होतो. विचारायला परत अन्वरीच्या दारात जायची हिंमत झाली नाही. आधी एकीजवळ बसलो, मग दुसरीजवळ. आणि तिथे मला रडू आलं. खूप आलं. कानात द्यायची अजान हळू आवाजात दोन्हींना दिली. मेल्यावर ती अजान देत नाहीत, माहीत आहे.

येताना स्कूटर सुरेख पळाली. इतकी कधीच पळाली नव्हती.

२३ जानेवारी, गुरुवार.
हेडक्लार्कचं घड्याळ दुरुस्त करून परत दिलं.
कॅरिअर परत बसवलं. नवे नट घातले. गादी झटकली, उसवली होती तिथे टाके घातले, वर बांधली. जुमेरात आहे म्हणून संध्याकाळी दर्ग्यापर्यंत नेली. ब्रेक अजून बसवायचा आहे, म्हणून सावकाश गेलो. इतका सावकाश की एक म्हातारा बाजूने चालत पुढे गेला आणि त्याने मला सलाम केला. वेग मोजला नाही.

गोविंदसिंगची मोटर दर्ग्यापाशी उभी होती. रिठदचा काही निरोप आहे का, मी विचारलं. तो म्हणाला, "नाई, सैफूभाई." मग मीच निरोप दिला. सांग, गादी लावली आहे. तो बरं म्हणाला. मग म्हणाला, "मी सांगीन. पन आता ते बाई कोनाचं आयकत नाई."

घरी आलो. दारात थांबलो आणि सवयीने मागे हात दिला, उतरायला. जरा वेळ तसाच धरला. मग गाडी स्टँडवर लावायला गेलो. स्टँड डिसेंबरात काढून टाकला आहे. गाडी आडवी झाली, गादी सुटून धुळीत पडली. गादी उचलून झटकली आणि घरात घेऊन आलो. गाडी बाहेर तशीच पडली आहे. अम्मी म्हणते, कुणी नेईल. मी म्हटलं, नेऊ दे.